हैदराबादच्या पडद्यावरील आज्या : ऑनलाइन स्वयंसेवा आणि स्थानिक संस्था

हैदराबादच्या मध्यभागी असलेल्या आबिड्स या पेठेला अल्बर्ट आबिड या आर्मेनियन गृहस्थाचे नाव मिळाले आहे. सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या खासगी सेवेत असलेल्या या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे दुकान थाटले आणि त्याच्या आसपास पुढे शहराची मुख्य बाजारपेठ वाढत गेली. शहराचे जनरल पोस्ट ऑफिस येथेच आहे, आणि रविवारी बहुतेक दुकाने बंद असताना त्यांच्यापुढील पदपथांवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. या पेठेतून जांबाग, सुलतान बाजार, हनुमान टेकडी, इसामिया बाजार असे काचीगुड्याच्या दिशेने गेले, की हैदराबादमधील मराठी सार्वजनिक जीवनाचा जुना पट्टा लागतो. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच मराठीभाषक जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे शिक्षण, वकिली, सरकारी नोकरी आणि व्यापार या निमित्ताने मराठी कुटुंबे राजधानीत येऊन स्थिरावली, आणि केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था व पुढील काळात मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद अशा संस्था उभ्या राहिल्या. राज्यपुनर्रचनेनंतर हे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले, त्यानंतरच्या पिढ्यांतील अनेकजण पुणे, मुंबई, बंगळुरू किंवा परदेशात गेले, संस्था मात्र आपल्या जागी राहिल्या.

संस्था एका ठिकाणी आणि तिच्याविषयी आस्था असलेली माणसे दहा ठिकाणी, ही स्थिती केवळ हैदराबादची नाही. कोकणातील गावांपासून मुंबईतील गिरणगावापर्यंत ती सर्वत्र दिसते. दूर गेलेला माणूस वार्षिक वर्गणी पाठवतो, क्वचित देणगी देतो, पण पैशाइतकीच, कधी पैशापेक्षाही अधिक, उणीव असते ती वेळेची आणि कौशल्याची : हिशेब नीट मांडणारा कोणी, जुन्या पुस्तकांची सूची करणारा कोणी, मुलांना आठवड्यातून एकदा गोष्ट वाचून दाखवणारा कोणी. इंटरनेटच्या आधारे, प्रत्यक्ष त्या गावी न जाता आणि मोबदला न घेता अशा प्रकारचे काम करणे याला ऑनलाइन स्वयंसेवा म्हणतात. तिची मुळे मोबाईलच्या कितीतरी आधीची आहेत. अमेरिकेत १९७१ मध्ये मायकेल हार्ट यांनी सुरू केलेल्या गुटेनबर्ग प्रकल्पात जुनी पुस्तके संगणकावर उतरवण्याचे काम पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या केले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २००० पासून विकसनशील देशांतील संस्था व दूरचे स्वयंसेवक यांची गाठ घालून देणारी स्वतंत्र सेवा चालवली. तरीही या प्रकारच्या कामाचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही समजून घेण्यासाठी सर्वांत बोलके उदाहरण हैदराबादमध्येच घडलेले आहे.

हे उदाहरण शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांच्या प्रयोगांतून निघाले. मित्रा यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात आपल्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक संगणक बसवला आणि पलीकडच्या झोपडपट्टीतील मुलांना तो मोकळा करून दिला. कोणी न शिकवता मुले आपसांत विचारून, एकमेकांच्या चुका पाहून संगणक वापरू लागतात, हे त्यांचे निरीक्षण ‘भिंतीतील भोक’ या नावाने गाजले. हैदराबादशी त्यांचा संबंध त्यानंतर लवकरच आला. जुन्या शहरात गरीब वस्त्यांमधून अल्प शुल्क घेणाऱ्या खासगी शाळा मोठ्या संख्येने चालतात, ही गोष्ट ब्रिटिश अभ्यासक जेम्स टूली यांनी जगापुढे मांडली होती, आणि अशाच एका शाळेतील मुलांना आवाज ओळखून तो अक्षरांत उमटवणारी संगणकप्रणाली देऊन मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी उच्चार सुधारतात का हे तपासले. शिक्षक नव्हता, संगणकाला आपले बोलणे कळले नाही तर तो भलतेच शब्द उमटवी, आणि त्याला कळेपर्यंत मुले स्वतःच आपला उच्चार बदलत राहिली.

पुढे तमिळभाषक कलीकुप्पम या गावी झालेल्या प्रयोगाने या मांडणीला एक महत्त्वाची पुरवणी जोडली. तेथील मुलांपुढे इंग्रजीतील जैवतंत्रज्ञानाचा अभ्यास संगणकावर ठेवून दिला गेला, आणि काही आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीत शून्यापासून निघालेली मुले सुमारे ३० टक्के गुणांपर्यंत पोहोचली. त्यानंतर विषयाची काहीच माहिती नसलेल्या एका तरुणीला मुलांच्या मागे उभे राहून केवळ ‘हे कसे केलेस, मला दाखव’ असे कौतुकाने विचारत राहण्यास सांगण्यात आले, तेव्हा तेच गुण सुमारे ५० टक्क्यांवर गेले. नातवंडाच्या प्रत्येक लहानशा करामतीचे आजी जसे कौतुक करते, तसे हे होते, म्हणून मित्रा यांनी त्याला आजीची पद्धत म्हटले. मुलांना माहिती यंत्रातून मिळू शकते, पण आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे ही जाणीव माणसाकडूनच मिळावी लागते, हा त्या निष्कर्षाचा अर्थ, आणि दूरच्या स्वयंसेवकासाठी दार उघडले ते येथे.

हैदराबादमधील शाळांत मित्रा यांनी स्वयंसंघटित अध्ययनाच्या खोल्या उभारल्या होत्या. म्हणजे जेथे मुले गटागटाने एकेका संगणकाभोवती बसून एखाद्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधतात अशा खोल्या. तेथील मुलांना स्काइप या दृक्‌श्राव्य संभाषणाच्या साधनाचा उपयोग कशासाठी आवडेल, असे विचारले असता त्यांनी ब्रिटनमधील आजीने आपल्याला परीकथा वाचून दाखवाव्यात अशी इच्छा सांगितली, आणि एवढेच नव्हे तर आपापसांत पैसे गोळा करून अशा आजीला आठवड्याला सुमारे एक पौंड देता येईल असा हिशेबही मांडून ठेवला होता. २००९ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रातून ही गोष्ट प्रसिद्ध झाल्यावर स्वयंसेवकांची रीघ लागली आणि जवळजवळ दोनशे जणांनी नावे दिली. त्यांत निवृत्त शिक्षिका होत्या, पुरुष होते, तरुणही होते, पण या साऱ्यांना मिळून ‘ग्रॅनी क्लाउड’, म्हणजे ढगातल्या आज्या, हेच नाव पडले. मुलांची ही मागणी संपूर्ण उपक्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट होय, कारण काम कोणते करायचे हे दूरच्या मदतकर्त्याने ठरवले नव्हते. ज्यांच्यासाठी ते करायचे त्यांनीच ते सांगितले होते आणि त्यासाठी स्वतःच्या खिशात हात घालण्याची तयारी दाखवली होती.

नावे देणारे दोनशे आणि खोलीतली मुले यांच्यामध्ये मात्र बरेच काही उभे करावे लागते. भारतातील घड्याळ ब्रिटनच्या घड्याळापुढे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास असते, त्यामुळे हैदराबादच्या शाळेतील सकाळी अकराच्या तासासाठी आजीला पहाटे साडेपाच किंवा सकाळी साडेसहाला उठून पडद्यासमोर बसावे लागे. इकडे वीज गेली, जोडणी तुटली, परीक्षा लागली किंवा सणाची सुटी जाहीर झाली, की ती तिकडे वाट पाहत राहणार. आणि असे दोनदा-तीनदा घडले, की कितीही उत्साही स्वयंसेवक कंटाळणारच. कोणत्या मुलांना कोणती गोष्ट कळेल, कोणता खाद्यपदार्थ त्यांनी कधी पाहिलेला नाही, कोणत्या विनोदाने ती गोंधळतील, हे आजीला कोणी तरी आधी सांगावे लागते, आणि वर्ग संपल्यावर तो कसा झाला हे विचारावेही लागते. ही सर्व मधली जुळवणी करणाऱ्यास समन्वयक म्हणतात. ग्रॅनी क्लाउडचे हे काम पुण्याच्या डॉ. सुनीता कुलकर्णी यांनी दीर्घकाळ सांभाळले. मित्रा यांची भाषणे जगभर ऐकली गेली, पण एका देशातील आजी आणि दुसऱ्या देशातील मुले ठरलेल्या वेळी एकमेकांसमोर येत राहिली ती अशा न दिसणाऱ्या श्रमांमुळे, आणि या उपक्रमाचे श्रेय मोजताना हा वाटा सर्वांत आधी मोजला पाहिजे.

मित्रा यांना २०१३ चा दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाल्यावर ‘स्कूल इन द क्लाउड’ या नावाने सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, दोन इंग्लंडमध्ये आणि पाच भारतात. त्या पाचांपैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटण येथे, मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत होती. फलटणकर ज्यांना मॅक्सीनमावशी म्हणून ओळखतात त्या बर्नसन १९६१ मध्ये अमेरिकेतून भारतात प्रथम आल्या त्या हैदराबादच्या विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यासाठी. तेथेच त्यांची मराठीशी ओळख झाली, पुढे फलटणमध्ये त्या भाषावैज्ञानिक म्हणून मराठीचा अभ्यास करण्यास आल्या, तेथेच राहिल्या आणि भारतीय नागरिक झाल्या. दूरच्या देशातून आलेल्या माणसाने स्थानिक संस्थेसाठी काय करावे, याचे एक टोक हे : आयुष्यभर राहणे. पडद्यावरून आठवड्याला एक तास देणारी आजी हे दुसरे टोक. फलटणमध्ये ही दोन्ही टोके एका छताखाली आली, आणि तेथे आज्यांच्या तासांना आधार होता तो संस्थेने अनेक वर्षे वस्त्यांमध्ये राहून मुलांच्या वाचन-लेखनावर केलेल्या कामाचा.

हा आधार नसेल तर काय होते, हेही नोंदलेले आहे. संशोधक पायल अरोरा यांनी उत्तराखंडमधील अल्मोडा आणि हवालबाग येथे बसवलेल्या भिंतीतील संगणकांचा मागोवा घेऊन २०१० मध्ये लिहिलेल्या लेखात ती केंद्रे बंद पडल्याचे दाखवले; संगणक कोणाचा, तो बिघडला तर दुरुस्त कोणी करायचा, शाळेशी त्याचा संबंध काय, या प्रश्नांना स्थानिक उत्तर नव्हते. भारतातील त्या पाच प्रयोगशाळांपैकी सुंदरबनातील कोराकाटी येथील प्रयोगशाळेसाठी सौरऊर्जेची सोय आणि इंटरनेटसाठी मनोरा उभारावा लागला, इतकी तेथील जोडणी अवघड होती. ग्रॅनी क्लाउड ज्या स्काइपवर उभी राहिली, ती सेवाही तिच्या मालक कंपनीने ५ मे २०२५ रोजी कायमची बंद केली. साधने येतात आणि जातात, म्हणून ज्या संस्थेचा सारा उपक्रम एका साधनावर किंवा एका उत्साही व्यक्तीवर अवलंबून असतो, तिने त्याचा शेवट आधीच लिहून ठेवलेला असतो.

या अनुभवाच्या प्रकाशात आबिड्स ते काचीगुडा या पट्ट्यातील मराठी संस्थांसाठी, आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी, कोणती कामे दूरवरून होऊ शकतात हे पाहिले, तर जुन्या ग्रंथांचे काम सर्वांत पुढे येते. ग्रंथालयातील पुस्तक हैदराबादमध्ये हाताळून त्याच्या पानांची छायाचित्रे घेतली, की पुढील जवळजवळ सर्व काम जगात कोठेही बसून करता येते. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात यासाठी एक शिस्तशीर पद्धत आहे : पानाचे छायाचित्र एका बाजूला, संगणकाने त्यावरून ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि स्वयंसेवकाने दोन्ही ताडून चुका दुरुस्त करायच्या. न तपासलेले पान लाल रंगाने, एकदा तपासलेले पिवळ्या रंगाने आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासलेले हिरव्या रंगाने दाखवले जाते, त्यामुळे ज्याला फक्त अर्धा तास आहे त्यालाही एक पान पुरे करता येते आणि त्याची चूक दुसऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. अशा लहान तुकड्यांत विभागलेल्या कामाला सूक्ष्म स्वयंसेवा म्हणतात. संगणक जोडाक्षरांत आणि जुन्या शिळाछापाच्या वळणांत हमखास चुकतो, म्हणून येथे मराठी वाचत वाढलेल्या डोळ्यांना पर्याय नाही. ज्येष्ठ वाचकांसाठी याहून योग्य काम शोधूनही सापडणार नाही. मात्र कायदा पाहिला पाहिजे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे १९६० मध्ये निधन झालेल्या लेखकाचे लेखन २०२१ पासून मुक्त झाले. विवेकवर्धिनीच्या परिवारात वावरलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९६८ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांची पुस्तके २०२८ अखेरपर्यंत हक्कधारकाच्या परवानगीशिवाय अशा ठिकाणी ठेवता येणार नाहीत. सूची करण्याला मात्र कोणतीही आडकाठी नाही, आणि मुखपृष्ठ व शीर्षकपान यांच्या छायाचित्रांवरून लेखक, प्रकाशक, वर्ष यांची नोंद करणे हे तर कोणत्याही घरातून होण्याजोगे आहे.

दुसरे काम नकाशांचे. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, कोणालाही भर घालता येईल असा मुक्त नकाशा आहे. १२ जानेवारी २०१० च्या हैतीतील भूकंपानंतर शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पोर्ट-औ-प्रिन्स शहरातील रस्ते घरी बसून रेखाटले आणि तो नकाशा मदतपथकांच्या हातांत पोहोचला. हैदराबादमधील वस्त्यांच्या, तेथील भाषेत बस्त्यांच्या, गल्ल्याही दूरचा स्वयंसेवक अशाच रेखाटू शकतो. परंतु त्या गल्लीला लोक काय म्हणतात, नळ कोठे आहे, २०१८ पासून सुरू झालेल्या बस्ती दवाखान्यांपैकी जवळचा कोणता आणि पावसाळ्यात कोणता रस्ता पाण्याखाली जातो, हे उपग्रहाला दिसत नाही. ते तेथे राहणाऱ्या बचत गटातील स्त्रीला माहीत असते. तेव्हा रेषा दुरून आणि नावे जवळून, अशी ही वाटणी आहे.

याखेरीज हिशेबाचे ताळेबंद तपासणे, अनुदानासाठीचे अर्ज लिहिणे, मराठी-तेलुगू-उर्दू-हिंदी-इंग्रजी यांपैकी एका भाषेतील पत्रक दुसरीत नेणे, संस्थेचे जुने कार्यवृत्त टंकित करणे, ही कामे आहेतच, आणि त्यांना फारसे स्पष्टीकरण लागत नाही. आपत्तीच्या काळातही ऑनलाइन स्वयंसेवकांनी मोठे काम केले आहे : २०१८ च्या केरळमधील पुरात अडकलेल्यांच्या विनंत्या नोंदवून त्या बचावपथकांकडे नेण्यात आणि २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णखाटा व प्राणवायू यांची माहिती पडताळण्यात. या दुसऱ्या प्रसंगाने एक धडा कडक रीतीने दिला : न पडताळलेला दूरध्वनी क्रमांक पुढे पाठवणे ही मदत नसते, कारण हतबल कुटुंबाचा मोलाचा वेळ त्यात जातो.

धोक्यांबाबत संस्थांनी संकोच बाळगू नये. मुलांशी पडद्यावरून बोलणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची ओळख आधी पडताळणे, खोलीत संस्थेची जबाबदार व्यक्ती नेहमी हजर असणे, आणि मुलांशी खासगी क्रमांकावरून संपर्क न ठेवण्याचा नियम करणे, या अटी कोणाही प्रामाणिक माणसाला जाचक वाटणार नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. लाभार्थ्यांच्या नावांची यादी एखाद्या परदेशस्थ स्वयंसेवकाला सहज पाठवून देण्यापूर्वी हे लक्षात घेतले पाहिजे. परदेशी देणगी स्वीकारण्यासाठी संस्थेला स्वतंत्र नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याचे नियम अधिक कठोर झाले आहेत, त्यामुळे परदेशस्थ हितचिंतकाची पैशांची मदत घेणे अनेक लहान संस्थांना शक्य होत नाही. तेथे त्याचा वेळ आणि कसब हीच घेण्याजोगी मदत उरते.

दूरचा माणूस स्थानिक कार्यकर्त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि तसे सांगणाऱ्या योजनांपासून संस्थांनी दूर राहावे. तो स्थानिक कार्यकर्त्याचे ओझे हलके करू शकतो, तेही कार्यकर्त्याने आधी थोडे अधिक ओझे उचलले तर. कामाचे नेमके वर्णन लिहिणे, ते लहान भागांत तोडणे, कोण काय करीत आहे याची वही ठेवणे, झालेल्या कामाची पोच देणे आणि स्वयंसेवकाला त्याच्या कामाचे पुढे काय झाले हे कळवणे, यासाठी प्रत्येक संस्थेने आपल्यापैकी एका व्यक्तीला निश्चित नेमले पाहिजे आणि तिच्या आठवड्यातील काही तास त्यासाठीच मोकळे ठेवले पाहिजेत. जेथे सचिवच हिशेब पाहतो, कुलपे लावतो आणि सभागृहाचे भाडेही गोळा करतो, तेथे त्याच्याच डोक्यावर हेही टाकल्यास उपक्रम पहिल्याच महिन्यात थांबेल. एकदोन स्वयंसेवकांपासून आरंभ करून, ते रुळल्यावर त्यांच्यापैकीच एकाकडे नव्यांना शिकवण्याचे काम सोपवणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

ज्या मराठी कुटुंबांचे आजोबा विवेकवर्धिनीत शिकले, ज्यांच्या आजीने सुलतान बाजारातल्या ग्रंथालयातून पुस्तके आणली, आणि जी आता पुण्यात, न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहतात, त्यांनी आपल्या जुन्या संस्थेला या महिन्यात एक फोन करावा; ‘आम्ही तुमच्यासाठी अमुक करू’ असे न सांगता ‘तुमचे कोणते काम अडले आहे’ एवढेच विचारावे, आणि निदान सहा महिने न चुकता पाळता येईल तेवढ्याच वेळेचे वचन द्यावे.